डोळ्यांनाही वाफसा असतो



गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ऊसदर, वजनकाटा आणि तोडणीचा क्रम या आपल्या नेहमीच्या तीन विषयांवर यथेच्छ बोलून झाल्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी सूचना मांडली की, कारखान्याने डोळ्यांचे मोठे शिबिर भरवावे. "लहाने साहेबांच्या तोडीचा डॉक्टर आणा, मंडप आम्ही घालतो," असे त्यांचे शब्द होते. टाळ्या पडल्या, सूचना इतिवृत्तात गेली. सूचना चांगलीच आहे, तिला आमचा विरोध नाही. पण त्या दिवशी मंडपात जे बोलायचे राहून गेले ते येथे लिहीत आहोत. शेतकी विभागाच्या माणसाने ऊस सोडून डोळ्यांवर का लिहावे, असे कोणी म्हणेल. लेख वाचून झाल्यावर म्हणावे.

डॉ. तात्याराव लहाने यांचे नाव आपल्या भागात घरोघरी माहीत आहे. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचा हा शेतकऱ्याचा मुलगा. स्वतःची मूत्रपिंडे निकामी झाली तेव्हा १९९५ साली आईने आपले मूत्रपिंड दिले. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात या माणसाने मोतीबिंदूच्या एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. २००८ साली पद्मश्री मिळाली. आनंदवनात त्यांची शिबिरे झाली, तेव्हा विदर्भातले कितीतरी म्हातारे-म्हाताऱ्या तेथून दृष्टी घेऊन परतले. २०२१ साली ते राज्याच्या वैद्यकीय शिक्षण संचालक पदावरून निवृत्त झाले आणि आपल्याकडच्या पारावरही हळहळ झाली, की आता गरिबाच्या डोळ्याला वाली कोण?

वास्तविक पाहता मोतीबिंदूच्या रुग्णाचे एक डॉक्टर निवृत्त झाल्याने फार अडत नाही. ही शस्त्रक्रिया आता जिल्ह्याच्या ठिकाणी होते, शेजारी नांदेडला होते. शिवाय मोतीबिंदू थांबतो. यंदा गाळपाच्या गडबडीत जमले नाही तर आजोबांना पाडव्यानंतर नेता येते. फार पिकू दिला तर त्रास होतो हे खरे, पण साधारणपणे साठीतल्या माणसाचा मोतीबिंदू काढला की नजर परत येते, कारण त्या माणसाचा मेंदू साठ वर्षे पाहायला शिकलेला असतो. काच धुरकट झाली होती, ती बदलली.

लहान मुलाची गोष्ट अगदी निराळी आहे, आणि हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. मूल जन्मते तेव्हा त्याला डोळे असतात, पण पाहणे यायचे असते. पहिली सात-आठ वर्षे मेंदू दोन्ही डोळ्यांकडून पाहायला शिकत असतो. या काळात एका डोळ्याला मोठा नंबर असला, किंवा डोळा तिरळा असला, किंवा बाहुलीवर जन्मजात मोतीबिंदू असला, तर त्या डोळ्याकडून मेंदूला धूसर चित्र जाते. मेंदू धूसर चित्र घेत नाही. तो चांगल्या डोळ्यावर काम चालवतो आणि दुसऱ्याला सोडून देतो. याला डॉक्टर लोक आळशी डोळा म्हणतात. नाव गमतीचे आहे, प्रकार गमतीचा नाही. शंभर मुलांत एक ते तीन मुलांना हा दोष असतो असे जगभरचे अनुभव सांगतात. उशिरा सापडला तर चष्मा लावून तो डोळा सुधारत नाही आणि त्यावर शस्त्रक्रियाही नसते, कारण बिघाड डोळ्यात उरलेला नसून शिकण्यात राहून गेलेला असतो.

आपल्या पिकाच्या भाषेत सांगतो. सुरू उसाची लागण केली, उगवण झाली, मध्ये मध्ये खाडे पडले. महिन्याभरात नांग्या भरून घेतल्या तर ते रोप बाकीच्यांच्या बरोबरीने येते. तुम्ही म्हणालात, आत्ता पाणी नाही, मजूर नाही, मोठ्या बांधणीला बघू. बांधणीला तुम्ही ८६०३२ चे सोन्यासारखे बेणे आणून लावले, वर युरियाची गोणी ओतली, तरी ते शेजारच्या उसाच्या सावलीत पिवळे पडून जाते. दोष बेण्याचा नव्हे. वेळ गेलेली असते आणि शेजारी वरचढ झालेला असतो. आळशी डोळ्याचे हुबेहूब हेच होते. चांगला डोळा वरचढ होतो आणि दुसरा त्याच्या सावलीत राहतो.

यावरचा उपायही आपल्याला कळण्यासारखा आहे. आधी योग्य नंबरचा चष्मा. तेवढ्याने भागले नाही तर चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावायची, म्हणजे दुसऱ्याला काम करावेच लागते. फुटवे यावेत म्हणून आम्ही जेठा कोंब मोडायला सांगतो तेव्हा सभासद आमच्याकडे संशयाने पाहतात, चांगला जोमदार कोंब कशाला मोडायचा? चांगला डोळा झाका म्हटले की आईबाप डॉक्टरांकडे तसेच पाहतात. आठवडाभर पट्टी लावतात, पोर चिडते, रडते, आजी म्हणते काढून टाका ती चिंधी, आणि पट्टी देव्हाऱ्यामागे जाते. ही पट्टी महिनोन्‌महिने चालवावी लागते. सातव्या वर्षाच्या आत सुरू केली तर गुण उत्तम येतो, बाराव्या वर्षापर्यंत बऱ्याच मुलांना काही ना काही येतो, त्यापुढे आशा उतरत जाते.

आता आम्ही हे का लिहीत आहोत ते सांगतो. आमच्या एका गटातल्या सभासदाचा मुलगा तीन वर्षे पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे चारला रस्त्यावर धावताना आमच्या जीपच्या उजेडात तो कित्येकदा दिसलेला. मैदान काढले, लेखी काढली, आणि वैद्यकीय तपासणीत उजव्या डोळ्यावर नापास झाला. डावा डोळा झाकल्यावर तक्त्यावरची वरची दोन अक्षरे सोडली तर त्याला काही दिसेना. आणि गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की हे त्याला स्वतःलाही त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते. एका डोळ्याने तो शाळा शिकला, मोटारसायकल चालवली, क्रिकेट खेळला. वडील आमच्याकडे आले. "साहेब, बिल जमा झालंय. नांदेडला नेतो, नागपूरला नेतो, पैशाचं काही म्हणू नका. पोराचा डोळा तेवढा करून द्यायला सांगा." नांदेडला दाखवले, नागपूरला दाखवले. दोन्हीकडे एकच उत्तर मिळाले, पाच वर्षांचा असताना आणायला हवा होता. त्या वेळी चारशे-पाचशे रुपयांच्या चष्म्यात काम झाले असते. आज त्या मुलाकडे आख्ख्या फडाचे पैसे आहेत आणि घेण्यासारखे काही नाही.

यात एक मेख आहे, ती नीट समजून घ्या. दोन्ही डोळ्यांना नंबर असेल तर मूल काहीतरी दाखवते. टीव्हीला चिकटून बसते, फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवते, मान वाकडी करते, डोळे बारीक करते. शहाणे मास्तर ते ओळखतात. पण एकच डोळा गेलेला असेल तर मूल काही म्हणजे काही दाखवत नाही. म्हणून 'आमच्या पोराला सगळं दिसतं' या आईच्या शब्दावर तपासणी टाळता येत नाही. तपासायचे ते एकेक डोळा झाकून. तान्ह्या पोराचाही एक डोळा तळहाताने अलगद झाका. काही वाटले नाही तर ठीक. दुसरा झाकल्यावर रडून हात झटकत असेल तर उघडा राहिलेला डोळा कमी पाहतो, असा संशय धरून डॉक्टर गाठावा. तीन-चार वर्षांच्या मुलाला उलटसुलट 'ई' चा तक्ता वीस फुटांवर धरून बोटांनी दिशा दाखवायला सांगता येते. त्याला अक्षरओळख लागत नाही. शाळेत जाईपर्यंत थांबायचे कारण नाही.

तिरळेपणाबद्दल आपल्याकडे मोठा गोड गैरसमज आहे की तिरळे मूल नशीबवान. सहा महिन्यांनंतरही डोळा फिरत असेल तर ते नशीब नव्हे. त्याहून घाईची गोष्ट म्हणजे बाहुलीत पांढरी झाक. मोबाईलवर फोटो काढला आणि एक डोळा लाल, दुसरा पांढरा चमकला, असे वारंवार दिसले तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जावे. ते जन्मजात मोतीबिंदूमुळे असू शकते, क्वचित डोळ्याच्या कर्करोगामुळेही. दुसऱ्यात तर प्रश्न नजरेचा नसून जिवाचा असतो. आणि बाळ दिवस भरण्याआधी, म्हणजे चौतीस आठवड्यांच्या आत जन्मले, किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचे असले, तर त्याच्या डोळ्याच्या पडद्याची तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत व्हायलाच पाहिजे. काचेच्या पेटीतून बाळ वाचले म्हणून पेढे वाटतात, आणि या तपासणीचा कागद पिशवीत तसाच राहतो. असे पडद्यावरचे अंधत्व एकदा आले की परत फिरत नाही.

काही गोष्टी सुधारल्या आहेत, त्याही सांगितल्या पाहिजेत. गोवर आणि अ जीवनसत्त्वाच्या अभावाने बुबुळावर फूल पडून अंध होणारी मुले एकेकाळी खेड्याखेड्यांतून दिसत. महाराष्ट्रातल्या अंधशाळांची एक पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात हे कारण मागे हटून जन्मजात दोष पुढे आल्याचे दिसले. गोवराची लस आणि नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दिला जाणारा अ जीवनसत्त्वाचा डोस, यांचा हा गुण. अंगणवाडीतला तो चमचाभर डोस चुकवू नका. बांधावरच्या शेवग्याचा पाला गुरांनाच घालू नका, हेही जाता जाता.

मोबाईलने डोळे जातात, असे हल्ली प्रत्येक घरात ऐकू येते. मैदानावर, उन्हात खेळणाऱ्या मुलांना लांबचा नंबर कमी लागतो हे बरोबर आहे, म्हणून पोरांना शिवारात आणा. पण आळशी डोळा मोबाईलच्या आधीपासून आहे. सगळा दोष त्या डबडीवर टाकून मोकळे होऊ नये.

आता सरकारी व्यवस्थेकडे येऊ. देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे आणि त्यात शाळकरी मुलांची तपासणी व मोफत चष्मे बसतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याच्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येऊन मुलांचे डोळे, कान, हृदय सारे पाहायचे, आणि पुढचे उपचार मोफत करून द्यायचे, अशी योजना आहे. योजना चांगली आहे. पथकातली माणसे राबतात, हे आम्ही पाहतो. परंतु एका पथकाकडे एवढी गावे, एवढ्या तांड्या-पोडांवरच्या अंगणवाड्या, आणि एका दिवसात एवढी डोकी, की एकेका मुलाचा एकेक डोळा झाकून पाहायला सवड किती मिळणार? आणि ज्या दिवशी पथक आले त्या दिवशी मूल गैरहजर असेल तर त्याची पाळी पुढच्या वर्षी. लहान पोराच्या डोळ्याला एक वर्ष म्हणजे काय, ते वर सांगितलेच आहे.

गैरहजर कोण असते? येथे गोष्ट आपल्या दारात येते. पुसद, महागाव, उमरखेड या पट्ट्यातल्या तांड्यांवरची कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन बाहेर जातात, आणि आपल्या फडांवर दुसऱ्या जिल्ह्यांतल्या टोळ्या येतात. त्यांची पोरे आईबापांबरोबर असतात. नाव गावच्या शाळेत, पोर पाचटात. पथक शाळेत येते तेव्हा ते शाळेत नसते, आणि जिथे असते त्या गावच्या यादीत त्याचे नाव नसते. सलग चार-पाच हंगाम असे गेले की डोळ्याची वेळ संपून जाते. त्यातून फडात धोके अधिक. उसाच्या पात्याची धार, कुसळ, आणि मोठ्यांच्या खिशातली चुन्याची डबी किंवा पुडी. चुना डोळ्यात उडाला तर ताबडतोब स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळा धूत राहावे आणि तसेच दवाखान्यात न्यावे. तूप, मध, कोणाचे दूध, काहीएक घालू नये. पात्याने डोळा कापला तर औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने ड्रॉप आणू नये. लाली झटपट घालवणाऱ्या काही ड्रॉपांनी आतली बुरशी बळावते आणि डोळा हातचा जातो.

आमच्याकडे टोळी येते तेव्हा जी नोंदवही भरली जाते तिच्यात कोयते किती, गाड्या किती, बैल किती, बैलांचा विमा झाला का, हे सारे रकाने आहेत. बैलांना पशुवैद्यक पाहून जातो. मुलांचा रकाना नाही. हा रकाना असावा असे आम्ही शेतकी विभागाच्या वतीने संचालक मंडळाला लेखी सुचवले आहे. सहा वर्षांखालील मुले किती आणि डोळे तपासले की नाही, एवढ्या दोनच गोष्टी.

यावर काही सभासदांचे म्हणणे आमच्या कानावर आले आहे. एक, हे मजूर आपले सभासद नाहीत. दुसरे, कारखान्याने आधी उसाचे पैसे वेळेवर द्यावेत, मग पुण्य करावे. दुसऱ्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि त्यावर आम्ही वाद घालणार नाही. पण येथे पैसा फारसा लागतच नाही. तपासणी मोफत, चष्मा मोफत, पुढची शस्त्रक्रियाही योजनेत. लागते ती एक जीप, एक दिवस, आणि टोळ्या कोठे उतरल्या आहेत हे सांगणारा माणूस. आपल्या चिटबॉयला प्रत्येक अड्डा पाठ असतो, आरोग्य खात्याच्या पथकाला तो पाठ असू शकत नाही. आणि पहिल्या म्हणण्याबद्दल एवढेच की, आपल्या सभासदांच्या मुलांचे तरी डोळे कोठे तपासून झालेत? ज्या वडिलांची हकिगत वर लिहिली ते पाच शेअर्सचे जुने सभासद आहेत.

स्वीडनमध्ये चार वर्षांच्या प्रत्येक मुलाचे डोळे तपासण्याची पद्धत कित्येक दशकांपासून आहे. तेथे आळशी डोळ्याने जबर नजर गेलेली माणसे शंभरात दोन होती, ती हजारात दोनवर आली. हे काम मोठ्या सर्जनांनी केलेले नाही. बालकांच्या आरोग्य केंद्रातल्या परिचारिका तक्ता धरून उभ्या राहिल्या, संशयित मुले तेवढी डॉक्टरांकडे गेली. मुलांच्या डोळ्यांचा खास डॉक्टर तयार व्हायला दहा वर्षे तरी लागतात, तो मोठ्या शहरात बसतो आणि एक दिवस निवृत्त होतो. तमिळनाडूत मदुराईचे डॉ. व्यंकटस्वामी १९७६ साली अठ्ठावन्नाव्या वर्षी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि त्यांनी अकरा खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय काढले, त्याचा पुढे वटवृक्ष झाला. असा माणूस शतकातून एखादा. तक्ता धरणारा मात्र प्रत्येक गावात असू शकतो, अंगणवाडीताई, मास्तर, आशाताई, आमचा गट ऑफिसचा कारकून, कोणीही.

एक नाजूक गोष्ट राहिली. मुलीला चष्मा लागला की आपल्या घरांत तो लपवतात. स्थळ येईल तेव्हा काय सांगायचे, म्हणून. सातवीतली एक मुलगी आम्हाला माहीत आहे, तिचा चष्मा शाळेत बाईंच्या टेबलाच्या खणात असतो. शाळेत लावायचा, घरी जाताना काढून ठेवायचा. पाच एकर बागायतीचा मालक असलेल्या बापाने पोरीला धूसर ठेवावे, हे आम्हाला समजत नाही. सभेत बोललो तर राग येईल म्हणून लिहिले.

'ई' चे तक्ते दिवाळीच्या आत सगळ्या गट ऑफिसांत लागतील. कारकुनांना तक्ता कसा धरायचा ते पुसदच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांनी एक दिवस येऊन दाखवावे, अशी विनंती आम्ही करत आहोत. भिंतीपासून वीस फुटांवर जमिनीवर चुन्याची रेघ मारलेली असेल. ऊस नोंदीसाठी सातबारा घेऊन याल तेव्हा तीन ते सहा वर्षांची पोरे, नातवंडे बरोबर आणावीत. ज्या तांड्यांवरची कुटुंबे तोडणीला बाहेर जातात तेथील सभासदांनी आपल्या गटाच्या कारकुनाला दसऱ्यापूर्वी कळवावे, म्हणजे टोळ्या निघायच्या आत एखाद्या सकाळी तक्ता घेऊन तांड्यावर येता येईल. मुलाचा हात किंवा रुमाल डोळ्यावर नीट बसला आहे ना, तेवढे आईबापांनी पाहावे. बोटांच्या फटीतून पाहण्यात पोरे मोठी पटाईत असतात.